गावी गेले की बॅटरी का उतरते? मोबाईलच्या बॅटरीचा खर्च मोजून कारण शोधण्याची पद्धत

मी नोकरीनिमित्त धुळ्यात राहतो आणि दर शनिवारी शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावी जातो. धुळ्यात माझा फोन सकाळी सात वाजता चार्जरवरून काढला, तर रात्री अकरा वाजता त्यात ३५ ते ४० टक्के बॅटरी शिल्लक असते. गावी मात्र तोच फोन दुपारी तीनच्या सुमारास १५ टक्क्यांवर येऊन बॅटरीचे चिन्ह लाल करतो, आणि सोमवारी धुळ्यात परतल्यावर पुन्हा पूर्वीसारखा चालू लागतो. ही तक्रार जवळजवळ दीड वर्ष दर आठवड्याला उद्भवत राहिली. दुरुस्तीच्या दुकानात फोन नेला की तेथे दोष दिसत नसे, कारण दुकान धुळ्यात होते. एका दुकानात बॅटरी बदलून घेतली, दुसऱ्या दुकानात फॅक्टरी रीसेट करून घेतले. त्यानंतर दोन आठवडे फोन सुधारल्यासारखा वाटला, पण त्या दोन आठवड्यांत मी गावीच गेलो नव्हतो, ही साधी गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही.

गावातही ही तक्रार घरोघरी ऐकू येते. "रातभर काही कयं नही, तरी चार्जिंग उतरी गयं," असे आबा रोज सकाळी म्हणत असत, आणि त्यावर प्रत्येकाकडे एक खात्रीचा उपाय तयार असे: अमुक अॅप काढा, बॅटरी शून्यावर आणून पुन्हा पूर्ण भरा, रात्री बंद करून ठेवा. या उपायांपैकी कोणता खरा आणि कोणता खोटा हे मोजल्याशिवाय ठरवता येत नाही. मी शेवटी एक वही केली आणि जवळपास दोन महिने आकडे लिहिले. त्या वहीतून जे उमगले ते येथे क्रमाने मांडत आहे, जेणेकरून ज्यांच्याकडे हीच तक्रार आहे त्यांना नवी बॅटरी किंवा नवा फोन घेण्याआधी खरे कारण शोधता येईल.

"चार्जिंग टिकत नाही" या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. बॅटरीची साठवणक्षमता कमी झालेली असते, किंवा क्षमता चांगली असून फोनच जास्त वीज खर्च करत असतो, किंवा क्षमता आणि खर्च दोन्ही ठीक असून पडद्यावर दिसणारा टक्क्यांचा आकडा चुकत असतो. शेतातल्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेतले, तर टाकीत गाळ साचून तिच्यात पाणी कमी मावणे, खालचा व्हॉल्व्ह गळणे आणि पातळी दाखवणारी नळी चुकीचे दाखवणे, या तिन्ही प्रसंगांत शेतकऱ्याला एकच दिसते, की पाणी लवकर संपले. गाळासाठी व्हॉल्व्ह बदलून जसा उपयोग नाही, तसा जास्तीच्या खर्चासाठी बॅटरी बदलूनही उपयोग नाही. माझी पहिली चूक हीच होती.

मोजणीला आरंभ करण्यापूर्वी टक्क्यांचे रूपांतर मिलिअँपिअर-तासांत (बॅटरीत किती वीज मावते हे मोजण्याच्या एककात) करून घ्यावे, कारण टक्का हे मोजमापाचे एकक नाही, तो फक्त हिस्सा आहे. माझ्या फोनची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची आहे, म्हणजे एक टक्का ५० मिलिअँपिअर-तासांचा झाला. रात्रीच्या आठ तासांत ३ टक्के उतरले तर १५० मिलिअँपिअर-तास खर्च झाले, आणि त्याला आठने भागले की सरासरी १९ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह येतो. हाच सरासरी प्रवाह वहीत लिहावा. ३००० मिलिअँपिअर-तासांच्या जुन्या फोनमध्ये ५ टक्के उतरणे आणि ५००० च्या फोनमध्ये ३ टक्के उतरणे हा एकसारखाच खर्च आहे, हे त्यामुळे लगेच कळते, आणि घरातल्या दोन फोनांची तुलना न्याय्य होते.

मोजण्यासाठी रात्र सर्वांत चांगली. दिवसा फोन किती वेळ पाहिला, उन्हात पाहिला की सावलीत, किती वेळ बोललो, या सगळ्या गोष्टी रोज बदलतात आणि त्यांत मूळ कारण हरवते. रात्री पडदा बंद असतो, हात लागत नाही, आणि फोन स्वतःहून किती खातो एवढेच उरते. मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. मोजणी १०० टक्क्यांपासून सुरू करू नये, कारण बरेच फोन पूर्ण भरल्यानंतर बराच वेळ १०० हाच आकडा धरून ठेवतात आणि पहिल्या टक्क्याचा खर्च खरा वाटत नाही. ९० ते ४० या टप्प्यात मोजलेले आकडे अधिक भरवशाचे असतात. मोजणी निदान सहा तास चालू द्यावी. पडद्यावर पूर्ण टक्केच दिसत असल्याने प्रत्येक वाचनात जवळजवळ एका टक्क्याची चूक संभवते, आणि अर्ध्या तासात २ टक्के उतरले यावरून काढलेल्या निष्कर्षात निम्मी चूकच असू शकते. बॅटरी मोजणारे अॅप टाकले असेल तर ते सतत जागे राहून आकडे नोंदवत नाही ना, हेही पाहावे, कारण मोजणाऱ्या अॅपनेच खर्च वाढवलेला मी स्वतः पाहिला आहे. त्या रात्री ते अॅप काढून टाकल्यावर माझा आकडा निम्म्याने खाली आला. त्यानंतर मी झोपताना आणि उठल्यावर वेळ व टक्के एवढेच लिहू लागलो. सर्वांत महत्त्वाचे पथ्य म्हणजे एका रात्री एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक स्थितीच्या निदान दोन रात्री घ्यायच्या.

पहिली मोजणी एरोप्लेन मोडमध्ये, म्हणजे फोनचे नेटवर्क पूर्ण बंद ठेवून, केली. धुळ्यात आठ तासांत २ टक्के, म्हणजे साडेबारा मिलिअँपिअर; गावीही बरोबर तेवढेच. ही एकच नोंद मला दीड वर्षाच्या तर्कवितर्कांपेक्षा जास्त सांगून गेली. बॅटरी स्वतःहून झिरपत असती, फोनच्या आत काही बिघाड असता, किंवा नेटशिवायही एखादे अॅप प्रोसेसरला जागे ठेवत असते, तर दोन्ही गावांत आकडा मोठा आला असता. तो दोन्हीकडे लहान आला याचा अर्थ बॅटरी निर्दोष होती आणि चोर रेडिओच्या, म्हणजे फोनमधल्या टॉवरशी बोलणाऱ्या भागाच्या, बाजूला होता.

मग दोन्ही सिम चालू ठेवून मोजले. धुळ्यात आठ तासांत ४ टक्के, म्हणजे २५ मिलिअँपिअर. गावी १९ टक्के. ९५० मिलिअँपिअर-तासांना आठने भागल्यावर सुमारे ११९ मिलिअँपिअर येतात, म्हणजे कोणी हात न लावता पडून असलेला फोन गावी जवळजवळ पाचपट वीज खात होता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मोबाईल फोन हा केवळ ऐकणारा रेडिओ नाही, तो टॉवरपर्यंत पोहोचेल अशा ताकदीने बोलणाराही आहे. टॉवर जवळ असेल तर तो हळू बोलतो, टॉवर दूर असेल तर टॉवरच त्याला जोरात बोलण्याची सूचना देतो, आणि फोर-जी फोनची ही कमाल ताकद सर्वसाधारणपणे २३ डीबीएम (रेडिओलहरींची ताकद मोजण्याचे एकक), म्हणजे सुमारे २०० मिलिवॅट असते. ही झाली अँटेनातून बाहेर पडणारी ताकद. ती निर्माण करण्यासाठी आतला अॅम्प्लिफायर बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो. शिवाय सिग्नल क्षीण असला की माहिती हळू जाते, तुकडे पुन्हा पाठवावे लागतात, आणि शहरात क्षणार्धात उरकणाऱ्या एखाद्या मेलच्या देवाणघेवाणीसाठी रेडिओ बराच वेळ जागा राहतो. त्याहून वाईट स्थिती सिग्नल अजिबात नसलेल्या सिमची असते. ते सिम टॉवर सापडेपर्यंत वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर शोध घेत राहते, थोडे थांबते आणि पुन्हा शोधते. माझ्या दुसऱ्या सिमच्या कंपनीची आमच्या गावात रेंजच नाही. ते सिम रात्रभर, दर शनिवारी आणि रविवारी, नसलेला टॉवर शोधत होते.

सिग्नलच्या दांड्यांवर येथे विसंबू नये, कारण किती ताकदीला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने ठरवते. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील फोनविषयीच्या पानावर सिमच्या स्थितीची नोंद असते आणि तेथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. हा आकडा ऋण असतो आणि तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. धुळ्यातल्या घरी मला उणे ८८ दिसतो. गावच्या घरी आतल्या खोलीत, पत्र्याच्या छपराखाली, उणे ११७ होता आणि बाहेर ओट्यावर उणे १०६. दहा डीबीचा फरक म्हणजे दहापट ताकद, त्यामुळे ११ डीबी म्हणजे बारापटीहून अधिक. घर तेच, टॉवर तोच, केवळ पत्र्याखालून फोन ओट्याकडच्या खिडकीत आणल्याने रेडिओचे काम एवढे हलके होते, हे मला मोजण्यापूर्वी कोणी सांगितले असते तर पटले नसते. पत्रा रेडिओलहरी अडवतो, मातीची जाड भिंतही त्या बऱ्याच शोषते, आणि आमच्याकडची बहुतेक घरे या दोन्हींनीच बांधलेली आहेत.

उपाय एकेक करून तपासले. दुसरे सिम सेटिंग्जमधून बंद केले, फोन आतल्या खोलीतच ठेवला, आणि आठ तासांचा खर्च १९ वरून ९ टक्क्यांवर आला. त्यानंतर पहिल्या सिमची पसंती फाइव्ह-जीऐवजी फोर-जीवर ठेवली, कारण आमच्याकडे फाइव्ह-जी मधूनच दिसते आणि मधूनच जाते, आणि या ये-जा करण्यात फोनला वारंवार बदल करावा लागतो. खर्च ६ टक्के झाला. शेवटी फोन ओट्याकडच्या खिडकीत ठेवला, तेव्हा ४ टक्के, म्हणजे अगदी धुळ्याएवढा. फोर-जीच्या पसंतीचा फायदा सगळीकडे होईल असे मात्र मी म्हणणार नाही. जेथे फाइव्ह-जी स्थिर आहे तेथे या बदलाने माझ्या मोजणीत काहीच फरक पडला नाही.

रात्री एरोप्लेन मोड लावून झोपावे हा सल्ला शहरातल्या माणसाला सोपा आहे. आमच्याकडे शेतीपंपांना थ्री फेज वीज कित्येक आठवडे रात्रीच्या पाळीत मिळते, केळीच्या बागेतल्या मोटारीला सिम असलेला मोबाईल स्टार्टर बसवलेला असतो, आणि वीज आल्याचा किंवा मोटार बंद पडल्याचा कॉल फोनवरच येतो. आबांचा फोन रात्री बंद ठेवणे म्हणजे बागेला पाणी न मिळणे. म्हणून नेटवर्क तोडण्यापेक्षा रेंज नसलेले सिम बंद करणे आणि फोनची जागा बदलणे हे उपाय मला महत्त्वाचे वाटतात. रेंज नसलेल्या सिमवर तसाही कॉल येणार नसतो, त्यामुळे ते बंद करून काही गमावत नाही. बँकेचे ओटीपी त्या सिमवर येत असतील तर गाव सोडताना ते आठवणीने चालू करावे लागते, एवढेच.

येथे बॅटरी सेटिंग्जमधल्या वापराच्या पानाविषयी सांगितले पाहिजे, कारण बहुतेक लोक प्रथम तेथेच जातात आणि सर्वांत वर दिसलेल्या अॅपला दोषी ठरवून मोकळे होतात. त्या पानावरचे आकडे बहुतेक फोनांत प्रत्यक्ष मोजलेले नसून अंदाजाने काढलेले असतात. फोनमध्ये प्रत्येक अॅपसाठी वेगळा मीटर बसवलेला नाही. पडदा, प्रोसेसर, वायफाय, मोबाईलचा रेडिओ हे प्रत्येक भाग चालू असताना किती प्रवाह घेतात याचा एक तक्ता कंपनी फोनमध्ये भरून देते, आणि कोणत्या अॅपने कोणता भाग किती वेळ वापरला यावरून प्रणाली हिशोब मांडते. तक्ता अचूक भरलेला असेल तर अंदाज चांगला येतो, ढोबळ भरलेला असेल तर चुकतो. माझ्या फोनमध्ये गावच्या त्या १९ टक्क्यांपैकी फारच थोडा वाटा मोबाईल नेटवर्कच्या नावावर लागत होता आणि उरलेला निरनिराळ्या अॅपवर विखुरलेला दिसत होता. ते पान निरुपयोगी नाही. एखादे अॅप पडद्यामागे चार-चार तास चालल्याचे त्यावर दिसले, तर तो वेळ खरा असतो. पानावरच्या वेळेवर विश्वास ठेवावा, टक्क्यांकडे इशारा म्हणून पाहावे.

ज्यांच्याकडे संगणक आहे आणि डेव्हलपर पर्याय उघडण्याची भीती वाटत नाही, त्यांना अँड्रॉइडमध्ये याहून खोल जाता येते. एडीबी या साधनाने बॅटरीस्टॅट्सची पूर्ण नोंद संगणकावर घेता येते. कोणत्या अॅपने फोनला झोपू दिले नाही, म्हणजे वेकलॉक धरून ठेवला, किती वेळा गजराने उठवले, सिग्नल कोणत्या पातळीवर किती वेळ होता, हे सर्व त्यात वेळेसह असते. ही व्यवस्था २०१४ सालच्या अँड्रॉइड ५.० पासून विशेष सुधारली, आणि २०१५ च्या ६.० आवृत्तीत डोझ आले. फोन चार्जरवर नसून बराच वेळ स्थिर पडलेला असला आणि पडदा बंद असला, की अॅपची पडद्यामागची कामे एकत्र गोळा करून ठरावीक अंतरानेच करू देणे, हे डोझचे काम. एक सावधगिरी मात्र बाळगावी: यूएसबीची तार जोडली की फोन चार्ज होऊ लागतो, म्हणून मोजणी चालू असताना तार जोडू नये, मोजणी संपल्यावरच नोंद उतरवून घ्यावी.

रेडिओचा प्रश्न सुटल्यावर एप्रिलमध्ये तक्रार पुन्हा उभी राहिली, आणि या वेळी ती दिवसाची होती. रात्रीचा आकडा ४ टक्केच होता, म्हणून कारण नवे असणार हे वहीमुळे लगेच कळले. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत जातो. त्या उन्हात पडदा दिसावा म्हणून फोन प्रकाशमान आपोआप कमालीला नेतो. सावलीत निम्म्याहून कमी प्रकाशावर माझा फोन सुमारे २०० मिलिअँपिअर घेत होता, तर भर उन्हात त्याच पानावर साडेचारशेच्या वर. मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावून नकाशा पाहत शिरपूर ते धुळे हा मुंबई-आग्रा महामार्गावरचा प्रवास केला, तर पडदा, जीपीएस आणि नेटवर्क हे तिन्ही एकाच वेळी पूर्ण जोरात चालतात, आणि वरून ऊन असते.

उष्णतेचे दोन परिणाम वेगळे ओळखावेत. पहिला तात्कालिक: तापलेला फोन प्रकाश कमी करतो, काम मंद करतो आणि चार्जिंग थांबवतो किंवा अगदी हळू करतो. लिथियम-आयन बॅटरी सर्वसाधारणपणे ० ते ४५ अंशांच्या दरम्यानच चार्ज करायची असते, आणि हे बॅटरीचे तापमान असते, हवेचे नव्हे. हवाच ४४ अंश असेल तर चार्ज होताना स्वतः तापणाऱ्या बॅटरीला ती मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. "दोन तास लावला तरी भरला नाही" ही मे महिन्यातली तक्रार बहुतेक वेळा चार्जरच्या बिघाडाची नसून याची असते. दुसरा परिणाम कायमचा: उष्णता आणि पूर्ण भरलेली स्थिती ही जोडी बॅटरीच्या रसायनाला सर्वांत जास्त झिजवते. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा बंद गाडीच्या काचेमागे १०० टक्के भरलेला फोन ठेवणे हे त्यामुळे सर्वांत महाग पडते. आम्ही आता उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करतो, कव्हर काढून करतो आणि ८० टक्क्यांवर थांबवतो. अनेक नव्या फोनांत ही ८० टक्क्यांची मर्यादा सेटिंग्जमध्येच लावता येते.

आता क्षमतेची मोजणी. आबांच्या चार वर्षांच्या फोनमध्ये रात्रीचा खर्च सर्व उपाय करूनही ८ टक्के येत होता, तेव्हा त्यांची बॅटरी आक्रसली आहे का हे पाहणे भाग पडले. यासाठी चार्जर आणि तार यांच्यामध्ये बसणारा छोटा यूएसबी मीटर लागतो. त्यावरचा मिलिअँपिअर-तासांचा आकडा बॅटरीवर छापलेल्या आकड्याशी थेट ताडून पाहण्याची चूक फार सर्रास होते. बॅटरीचा आकडा तिच्या सुमारे ३.८५ व्होल्टचा असतो, मीटरचा आकडा चार्जरच्या ५ व्होल्टचा, आणि जलद चार्जिंगमध्ये तो ९ व्होल्टचाही असू शकतो. म्हणून नेहमी वॅट-तास (मिलिअँपिअर-तासांना व्होल्टने गुणून हजाराने भागलेला आकडा) पाहावेत. ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १९.२५ वॅट-तास. बंद केलेला फोन शून्यापासून पूर्ण भरताना मीटरवर ५ व्होल्टला ४००० मिलिअँपिअर-तास दिसले, तर घाबरून बॅटरी वीस टक्के गेली असे म्हणू नये. ते २० वॅट-तास झाले. त्यातले सुमारे १५ टक्के चार्ज करताना उष्णतेत जातात असे धरले, तर १७ वॅट-तास बॅटरीत पोहोचले, म्हणजे मूळच्या ८८ टक्के. आबांच्या फोनमध्ये याच हिशोबाने ६१ टक्के आले. तेथे मात्र बॅटरी बदलणे हाच उपाय होता, आणि तो केला.

आयफोनमध्ये हा हिशोब करावा लागत नाही. २०१८ च्या आयओएस ११.३ पासून सेटिंग्जमध्ये कमाल क्षमता टक्क्यांत दिसते, आणि आयफोन १५ पासून पुढे चार्जिंगची आवर्तने (बॅटरीची पूर्ण क्षमता एकदा वापरली की एक आवर्तन) किती झाली हेही दिसते. अॅपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण आवर्तनांनंतर आणि १५ पासूनच्या १००० आवर्तनांनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवलेल्या आहेत. काही अँड्रॉइड फोनांतही आता आवर्तनांचा आकडा मिळतो.

तिसऱ्या प्रकारची तक्रार, म्हणजे आकडा चुकण्याची, आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत दिसते. पहाटे थंडीत शेतात गेलेला जुना फोन २० टक्के दाखवत असताना कॉल लावताच बंद पडतो, आणि घरी आणून चार्जर लावला की पुन्हा १८ टक्क्यांवरच उघडतो. येथे वीज खर्च झालेली नसते. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून प्रवाहाला होणारा अडथळा, वाढलेला असतो, थंडीने तो आणखी वाढतो, आणि रेडिओने एकदम मोठा प्रवाह मागितला की व्होल्टेज इतके खाली येते की फोन स्वतःला बंद करतो. चार्जर लावल्यावर आकडा जवळजवळ तेवढाच दिसणे ही याची खूण आहे. अशा फोनमध्ये अॅप काढून किंवा रीसेट करून काहीही साधत नाही. आकडा मधूनच ३० वरून थेट १२ वर उडी मारत असेल, तर एकदा फोन बंद पडेपर्यंत वापरून मग सलग १०० टक्के भरल्यास मोजणी करणारी चिप पुन्हा ताळ्यावर येऊ शकते. मात्र या कृतीने बॅटरीची क्षमता वाढत नाही, आणि दर आठवड्याला तसे करणे बॅटरीला अपायकारकच आहे. फोनची पाठ उचललेली किंवा पडदा कडेने सुटलेला दिसला, तर कोणतीही मोजणी न करता फोन बंद करून दुकानात द्यावा. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि चार्जही करू नये.

नवी बॅटरी बसवल्यावर आबांचा फोन पहिल्या रात्री आतल्या खोलीत, उशाशी ठेवला होता. आठ तासांत ११ टक्के गेले. दुसऱ्या रात्री त्यांचे रेंज नसलेले सिम पुन्हा बंद केले आणि फोन खिडकीत ठेवला, तेव्हा ५ टक्के गेले. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास वीज आली, स्टार्टरचा कॉल आला, आबा उठून बागेत जाऊन आले, आणि सकाळी वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने ६ लिहिले.